'सत्यघटनेवर आधारित', आणि पुढे सगळं 'बजेट नव्हतं हो'

भिकारदास_मारुती

परवा रात्री एक मराठी क्राइम सिनेमा पाहिला. नाव सांगत नाही. दिग्दर्शक पुण्यातलाच आहे आणि पुणं कितीही वाढलं तरी माणसं भेटायची तिथेच भेटतात.

सुरुवातीला काळ्या पडद्यावर पाटी आली, 'सत्यघटनेवर आधारित'. ती जाते न जाते तोच दुसरी, 'यातील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक असून...' बायको म्हणाली, "मग नक्की काय धरायचं?" म्हटलं, पहिली पाटी गिऱ्हाइकासाठी, दुसरी वकिलासाठी.

गोष्ट १९७६ ची, पुण्यातली, चार कॉलेजकुमारांची. कोणती ते कळलंच असेल, जोशी-अभ्यंकर खुनांची. खुनी वाड्याच्या दारात उभा, मागे गाडी, तिच्यावर ठळक 'एमएच १२'. अहो, तेव्हा पुण्याच्या गाड्यांना तीन अक्षरी नंबर असायचे, हे 'एमएच १२' प्रकरण ऐंशीचं दशक संपताना आलं. भिंतीवरून इंटरनेटची काळी केबल लोंबतेय. एक खुनी दुसऱ्याला म्हणतो, "लोड घेऊ नकोस." १९७६ साली! पुढे कोर्ट, जज्ज हातोडा आपटतायत. शेवटी खुनी कॅमेऱ्यात बघून मिनिटभर हसतो. का, ते विचारू नका.

दिग्दर्शकाची मुलाखत शोधून काढली. सगळ्याला एकच उत्तर, बजेट नव्हतं.

माझा राग या उत्तरावर आहे. श्रीराम राघवनने १९९१ मध्ये रामन राघव या साठच्या दशकातल्या मुंबईतल्या खुन्यावर केलेली फिल्म बघा. व्हिडिओवर काढलेली, सत्तरेक मिनिटांची, चित्र असं की आजचा फोन लाजेल. रघुवीर यादव समोर आला की आपण खुर्चीत सरकून बसतो. त्या खऱ्या केसमधली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९६८ मध्ये पकडल्यावर रामन राघव तोंड उघडेना, कोंबडीचं जेवण दिल्यावर बोलायला लागला. ताटभर कोंबडीला किती बजेट लागतं?

तुमचे अनुभव लिहा. 'मराठी माणसालाच मराठीचं कौतुक नाही' हा प्रतिसाद कृपया नको.

---

बूमवाला

भिदामा, माझं पोटच यावर आहे, म्हणून जपून लिहितो. गेल्या आठ वर्षांत असल्या पाच सिनेमांचा लोकेशन साउंड केलाय.

लोकांना वाटतं कमी पैसा म्हणजे कॅमेरा वाईट. कॅमेरा कधीच वाईट नसतो, तो भाड्याने चांगलाच आणतात, कारण पोस्टरवर तेच दिसतं. मरतो आवाज. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात शूट होतं. खुनाचा सीन, रात्र दाखवायची, शूट दुपारी तीनला, खिडक्यांना काळी कापडं. बाहेर रिक्षा स्टँड, वर कुणाचा तरी मिक्सर. मी सांगितलं, दोन मिनिटं सगळे गप्प बसा, खोलीचा रिकामा आवाज घेऊ द्या, एडिटला लागतो. "चल चल, डबिंगला बघू." डबिंगला एक दिवस. मग काय, वाड्यातला माणूस बोलतो आणि आवाज येतो बाथरूममधून. तुम्हाला कळत नाही काय चुकलंय, पण भीती वाटायची बंद होते.

रक्ताची गंमत सांगतो. साखरेचा पाक, खायचा लाल रंग, चमचाभर कोको. दिसतं झकास. तिसऱ्या टेकला प्रेताच्या मानेवर मुंग्या. प्रेत झालेला पोरगा बिचारा नाटकातला, हलला नाही. चौथ्या टेकला मात्र ओरडला. सिनेमात गेला तो तिसरा टेक. नीट बघितलंत तर मुंग्या दिसतात.

---

सेशन्स_कोर्टाची_पायरी

व्यवसायाने फौजदारी वकील. हातोड्याचं आधी उरकतो. भारतातल्या कुठल्याही कोर्टात जज्ज हातोडा आपटत नाहीत. कोर्टात गडबड झाली तर शिपाई नुसता "शूऽऽ" करतो. त्या 'शूऽऽ'ची दहशत हातोड्याला नाही.

खरी गोम कबुलीजबाबात आहे. स्वस्तातला क्राइम सिनेमा कबुलीवर उभा असतो. एक खोली, एक टेबल, एक लोंबता दिवा, इन्स्पेक्टर कानफटात मारतो आणि आरोपी घडाघडा बोलतो, मग फ्लॅशबॅक. निर्मात्याला स्वस्त पडतं, दोन नट आणि एक बल्ब.

पण पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यात कलम २३. तत्त्व तेच. चालतं एवढंच की आरोपीने सांगितलेल्या जागी वस्तू निघाली तर त्या सांगण्याचा तेवढाच तुकडा. म्हणजे खऱ्या तपासातला गाभ्याचा प्रसंग कानफटाचा नव्हेच, पंचनाम्याचा. आरोपी पुढे, मागे फौजदार, त्यांच्या मागे दोन पंच. पंच कोण? कोपऱ्यावरचा पानवाला आणि त्याच्याकडे उधारी मागायला आलेला कुणीतरी. रात्री साडेअकराला टॉर्चच्या उजेडात 'सदर इसमाने समक्ष दाखविलेल्या जागी' लिहिणं चाललंय. चार वर्षांनी तोच पानवाला पिंजऱ्यात उभा राहून सांगतो, साहेबांनी सही करायला सांगितली, मी केली, वाचलं नाही. केस तिथे मरते.

मी असा पानवाला प्रत्यक्ष पाहिलाय. उलटतपासणी चालू असताना त्याचं सगळं लक्ष घड्याळाकडे, टपरी मुलाच्या भरवशावर टाकून आला होता. हे मला पडद्यावर अजून एकदाही दिसलेलं नाही, आणि याला खर्च किती? पानवाला, टॉर्च, कागद.

---

कोथरूडकर_नाईलाजाने

सगळ्यांना +१. पण स्वस्त आणि खोटं यांची जोडी लावू नका. 'आक्रीत' कुणी पाहिलाय का? अमोल पालेकरांचा, १९८१ चा, मानवतच्या खुनांवरचा. परभणी जिल्ह्यातलं ते प्रकरण, १९७२ ते ७४, गुप्तधन आणि नरबळी. पैसा ओतलेला सिनेमा नव्हे, पण तुमच्या गावातला कुणीही या थराला जाईल अशी धास्ती बसते. याच प्रकरणावर २०२४ मध्ये वेबसीरीज आली, तपास करणारे रमाकांत कुलकर्णी म्हणून आशुतोष गोवारीकर. तिला पैसा होता, दिसतोही. काम नीट आहे. पण मनात घर 'आक्रीत'नेच केलं. (रामन राघवच्या तपासाचे प्रमुखही हेच कुलकर्णी. एका माणसाच्या नोकरीत किती सिनेमे!)

बजेट नाही म्हणून काय करता येतं याचा आणखी एक नमुना. अनुराग कश्यपला रामन राघववर साठच्या दशकातला सिनेमा करायचा होता. पैसा पुरेना. मग गोष्ट सरळ आजच्या मुंबईत आणली आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की हा तो नव्हे. २०१६ चा 'रामन राघव २.०'. आवडो न आवडो, नंबरप्लेटची भानगड मिटली की नाही?

---

एकपडदा

चाललंय ते छान चाललंय. सगळे प्रेक्षक, एक साउंडवाला, एक वकील. आता ज्याने असा सिनेमा केलाय त्याचं ऐका. (मी तो नव्हे, भिदामा, घाबरू नका. माझा वेगळा होता, त्यालाही शिव्याच पडल्या.)

चौदा दिवसांत शूट. वाडा मिळाला तो नऊच दिवस, कारण दहाव्या दिवशी बिल्डरची माणसं मोजमापाला आली. १९७६ दाखवायला केबल काढा म्हणता, ती शेजारच्यांची. संगणकावर पुसायला फ्रेममागे पैसे. नंबरप्लेट मात्र आमचा गाढवपणाच म्हणायचा, दोनशे रुपयांत रंगवून मिळते.

आता कायद्याचं. नावं बदला, पेठ बदला, धंदा बदला, तरी नोटीस येते. 'ब्लॅक फ्रायडे' २००४ ला तयार होता, १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटाचा खटला चालू म्हणून हायकोर्टाने थांबवला, लोकांना दिसला फेब्रुवारी २००७ मध्ये. तिथे मोठी माणसं होती, तग धरला. माझा निर्माता फर्निचरवाला. तीन वर्षं सिनेमा डब्यात राहिला असता तर त्याने मलाच कपाटात घातलं असतं.

आता कुणी म्हणेल, केसची कागदपत्रं वाचायची. सुप्रीम कोर्टाचा निकाल फुकट मिळतो, कबूल. खालच्या कोर्टातली साक्ष हवी तर तुम्ही पक्षकार नाही, अर्ज करा, कारण द्या. मी केला होता. कारणाच्या रकान्यात 'चित्रपट' लिहिलं. क्लार्कने तीनदा वाचलं आणि विचारलं, "हिरो कोण?"

आणि राहिलं ते खुन्याचं हसणं. ते वितरकाला हवं असतं. ट्रेलरला लागतं.

---

सेशन्स_कोर्टाची_पायरी

@एकपडदा, अर्जाचं खरं आहे, क्लार्कचंही. पण तो सुप्रीम कोर्टाचा फुकटचा निकाल वाचलात का? अशा निकालांत वीसेक पानं घटनाक्रम असतो, कोण किती वाजता कुठे होतं, दार कुणी उघडलं, कुठली वस्तू कुणाच्या ओळखीची. त्यात अख्खी पटकथा पडलेली असते.

---

एकपडदा

वाचला. आधी नाही, नंतर.

---

भिकारदास_मारुती

हे 'आधी नाही, नंतर' प्रामाणिक आहे. तुमचा सिनेमा बघणार.

---

फिल्लमबाज_नवी_पेठ

निकालावरून आठवलं. नोएडाच्या त्या दुहेरी खुनावर, आरुषी तलवार आणि घरचा नोकर हेमराज यांच्या, २०१५ मध्ये दोन सिनेमे आले, जानेवारीत 'रहस्य' आणि ऑक्टोबरात 'तलवार'. 'रहस्य'वाल्यांनी नावं बदलली, खून घेतला आणि खुनी आपल्या मनाने ठरवला. 'तलवार'ने एकच रात्र वेगवेगळ्या तपासांच्या नजरेतून पुन्हा पुन्हा दाखवली. तेव्हा आरुषीचे आईवडील जन्मठेप भोगत होते. १२ ऑक्टोबर २०१७ ला अलाहाबाद हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. आता दोन्ही परत लावून बघा. 'तलवार' त्या निकालानंतरही उभा राहतो.

रामूचा (राम गोपाल वर्मा) 'नॉट अ लव्ह स्टोरी' दुसऱ्या टोकाचा. नीरज ग्रोव्हरचा खून मे २००८ चा, कोर्टाचा निकाल २०११ च्या उन्हाळ्यानंतर, सिनेमा त्याच ऑगस्टमध्ये. निकालाची शाई वाळायच्या आत पोस्टर. छोट्या कॅमेऱ्यांवर झटपट काढलेला, आणि तो कॅमेरा कुठून कुठून बघतो ते आठवूनच ओशाळायला होतं.

'पोशम पा' (२०१९) वर कुणी लिहिलंच नाही. गावित मायलेकी, लहान मुलं पळवून मारणाऱ्या, १९९६ मध्ये पकडल्या गेलेल्या. नाव किती भेदक निवडलंय, खेळातली ती शेवटची कैद आपल्या सगळ्यांना ठाऊक. पण सिनेमा हिंदी बोलतो आणि कोल्हापूर-पुण्याचा वास म्हणून येत नाही. त्या बायका जत्रेत, एसटी स्टँडवर, देवळाच्या रांगेत फिरायच्या, आपल्या शेजारून गेल्या असतील. गर्दी दाखवणं महाग, म्हणून बंद खोल्या दाखवल्या, आणि धास्ती तर गर्दीचीच होती.

---

नलूमावशी_भांडारकर_रोड

मी सहसा पाककृतींच्या धाग्यांवर असते. सुनेने हा धागा दाखवला.

१९७६ ला मी सव्वीस वर्षांची होते, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, याच रस्त्यावर राहायला. तुम्ही सगळे केबल आणि नंबरप्लेट मोजताय, मोजा बापडे. मला त्या सिनेमांत खटकतं ते वेगळंच. त्यांत आम्ही नसतो. चौघं पोरं असतात, त्यांची दारू, त्यांची मोटारसायकल, त्यांचं हसणं. ज्यांच्या घरात ते शिरले ती माणसं दार उघडण्यापुरती येतात आणि मरतात. ३१ ऑक्टोबरला जोशी, १ डिसेंबरला अभ्यंकर. मधल्या महिन्यात हे गाव कसं जगलं, एका तरी सिनेमात आहे का?

संध्याकाळी सहाला दारं बंद व्हायची. सिनेमाची शेवटची खेळं ओस पडली. ज्या गावात शेजारी हाक न मारता स्वयंपाकघरापर्यंत यायचे, तिथे आम्ही दाराआडून "कोण?" विचारायला शिकलो. दाराला भोक पाडून काच बसवणाऱ्या सुतारांना दिवाळीनंतर पुन्हा दिवाळी आली. माझे सासरे रात्री कंदील घेऊन मागचं दार बघायचे, पुन्हा निजायचे, पुन्हा उठायचे.

आणि कुणी आणीबाणीचा उल्लेखसुद्धा करत नाही. पहिला खून जानेवारी ७६, शेवटचा मार्च ७७. शेवटचे एक-दोन दिवस सोडले तर तो अख्खा काळ आणीबाणीचाच की. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. त्यामुळे छापलेल्यापेक्षा कानोकानी जास्त. सरकारविरुद्ध कुणी बोललं तर उचलून नेत होते, आणि घरात शिरून माणसं मारणारे मात्र सापडत नव्हते. हे आम्हाला तेव्हाही कळत होतं, म्हणत कुणी नव्हतं.

---

फिल्लमबाज_नवी_पेठ

मावशी, दंडवत. हा आणीबाणीचा धागा माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि मी या केसवर मिळेल ते वाचत आलोय.

माणसं का नसतात याचं एक कारण मला वाटतं साधं आहे. सामग्री सगळी खुन्यांच्या बाजूची. त्या चौघांपैकी मुनव्वर शहाने तुरुंगात आत्मकथन लिहिलं, 'येस, आय अॅम गिल्टी'. माफीच्या साक्षीदाराची साक्ष आहे. दहा माणसं गेली, त्यांच्याकडून कागद काहीच नाही. पटकथावाल्याला मनातलं बोलणारा माणूस लागतो, तो आयता मिळतो तो खुनी. राजदत्तांचा 'माफीचा साक्षीदार' (१९८६) घ्या, आठवतो तो नाना पाटेकर. नाना असला की दुसरं कोण आठवणार म्हणा. अनुराग कश्यपचा 'पाँच' याच प्रकरणावरून सुचलेला, तोही पोरांचाच.

विवेक वाघ यांच्या 'जक्कल' (राजेंद्र जक्कल, त्या चौघांचा म्होरक्या) या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, उत्तम शोधपटाचा. बघायला मिळाला तर सोडू नका.

---

एकपडदा

मावशी, तुमच्यापुढे काय वाद घालणार. एक विचारतो, रागावू नका. माझ्या डोक्यात खरंच एक सिनेमा आहे, त्याच महिन्याचा. ३१ ऑक्टोबर ते १ डिसेंबर, एकच वाडा, खुनी दिसतच नाहीत. तेव्हाचं घर आतून कसं होतं ते सांगाल? फोटो आहेत, पण फोटोत सगळे लग्नाला उभे राहिल्यासारखे.

---

नलूमावशी_भांडारकर_रोड

विचारायला काय हरकत आहे.

दूध बाटलीतून यायचं, काचेच्या, पत्र्याचं पातळ झाकण. पहाटे केंद्रावर रांग. त्या महिन्यात सासूबाई मला एकटीला पाठवेनात, शेजारची कुसुम आणि मी बरोबर जायचो, एकमेकींच्या कार्डावर. बाटल्या पिशवीत वाजायच्या, तो आवाज रिकाम्या रस्त्यावर फार मोठा वाटायचा.

सायकली. सगळ्यांच्या सायकली. रात्री दिवा नसला तर पोलीस पकडायचा, आणि पुढच्या चाकापाशी महापालिकेचा बिल्ला. हे म्हणाले, आता पोलिसाने पकडलं तर बरंच वाटेल. जंगली महाराज रस्ता नवा कोरा झालेला, लोक तो बघायला जायचे, तेही थांबले.

फोन अख्ख्या गल्लीत दोन. काळे, जड. रात्री कुणाकडे घंटा वाजली की आजूबाजूच्या चार घरांत दिवे लागायचे.

आणि दाराला साखळी. पितळी, जाड, मंडईजवळून आणलेली. दार चार बोटं उघडायचं आणि मधून बोलायचं. माझे वडील लांबून बसने आले होते, त्यांनाही मी आधी त्या फटीतूनच बघितलं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. "बरोबर केलंस" एवढंच म्हणाले.

त्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. साखळी त्यानंतरही राहिली. पुढे ब्लॉक झाला तेव्हा नव्या दाराला तीच बसवून घेतली. आता मुलाने बोटाने उघडणारं कुलूप आणलंय. ते त्याच्यासाठी.

---

सेशन्स_कोर्टाची_पायरी

एकपडदा, तुमच्या सिनेमात पंचनामा आला तर कागद मी लिहून देईन. फी नको, भाषा तेवढी बदलू नका. 'सदर इसम'चा 'हा माणूस' करायचा नाही.

---

भिकारदास_मारुती

आणि नंबरप्लेट मी तपासणार. गाड्या कमी ठेवा, सायकली वाढवा, पैसेही वाचतील.

---

बूमवाला

मावशी, ती साखळी दाराला लावतानाचा, दार ओढल्यावर ताणली जातानाचा आवाज रेकॉर्ड करायला येऊ का? एकटाच येईन, छोटं मशीन, पंधरा मिनिटं. पंखा आणि फ्रीज तेवढा बंद ठेवावा लागेल. सिनेमा होवो न होवो, मला तो आवाज हवाय.

---

नलूमावशी_भांडारकर_रोड

ये की. पत्ता सून कळवेल. येताना खालून फोन मात्र कर. नुसत्या बेलवर मी दार उघडत नाही.